चाळीस पांढऱ्या काड्या

टक्, टक्, टक्. फार वर्षांपूर्वी आमच्या पेठेत एक चिनी कापडवाला यायचा. तो बांबूच्या गजाने ओट्याच्या कडेवर ठोके द्यायचा आणि बाया गोळा व्हायच्या. त्याच्या भाषेतले तीन शब्द मला अजून येतात. ते या गोष्टीत आहेत.

आज त्या राजाचं नावही कुणाला आठवत नाही, इतक्या पूर्वी चीन देशात एका मोठ्या नदीकाठी एक राज्य होतं. तिथे सेनापतीच्या तंबूत एक जाड पडदा असे. त्या पडद्यामागे बसून लढाईची मसलत देणाऱ्याला मोउ-शी म्हणत. ज्याची मसलत फत्ते होई, त्याला राजा ज्युन-शी करी. म्हणजे सगळ्या सैन्याचा गुरू.

मोउ-शीने पडद्याबाहेर जाऊन रण बघायचं नाही, अशी तिथली रीत होती. बघितलं की मन डळमळतं म्हणे. त्याने आत बसून बांबूच्या काड्या मांडायच्या. आपल्या शंभर शिपायांची एक तांबडी, शत्रूच्या शंभरांची एक काळी. मसलतीवर राजाची मोहोर उठली की ती बदलायची नाही. जो बदलील, त्याचा मान गेला आणि जागाही गेली.

एक मोउ-शी वीस वर्षं असा बसून होता. केस पिकले, पण मोठी फत्ते काही हाताला लागली नव्हती.

एका वर्षी शत्रू आला आणि नदीच्या बांधाखाली, सखल जागी त्याने तळ ठोकला. मोउ-शीने दोन दिवस काड्या मांडल्या आणि मोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी राजाला म्हणाला, "उद्या उजाडताच बांध फोडावा." आणि हाताने सगळ्या काळ्या काड्या एका बाजूला सारल्या. तांबडी एकही हलली नाही.

"आपला एकही माणूस जाणार नाही?" राजाने विचारलं.

"एकही नाही, महाराज."

"मग उद्या दुपारी तू ज्युन-शी." राजाने मोहोर उठवली.

दुपारी चुलीपाशी काम करणारी म्हातारी पेज घेऊन आली. "बाळा, कालची पेज तशीच ठेवलीस. काड्या खाऊन पोट भरतं का?"

तो हसला. "आज दोन वाट्या दे, आजी. उद्या मी ज्युन-शी होणार."

"असं? मग उद्यापासून बाळा म्हटलं तर मला शिपाई मारतील. काय केलंस एवढं?"

आनंदाच्या भरात त्याने सांगून टाकलं. म्हातारीचा हात पळीवरच थांबला.

"तिथे माझ्या बहिणीचं गाव आहे," ती म्हणाली. "चाळीस घरं. त्यांची काडी कुठली?"

"गावाला काडी नसते, आजी. काडी शिपायाची असते. आणि लोक केव्हाच पळाले असतील."

"भात कापणीला आलाय. तो टाकून कोण पळतं?"

वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पडदा बाजूला केला आणि तो बांधावर चढला. एका अंगाला पाणी होतं. दुसऱ्या अंगाला, खूप खाली, शत्रूचे तंबू आणि त्यांच्यामध्येच घरांचा धूर. एका छपरावर गोधडी वाळत होती. एक म्हातारा भातावरची पाखरं हाकत होता. एक बाई डुकराला शिव्या देत कुंपणात ढकलत होती. त्याने घरं मोजली. अडतीस भरली. मग बांबूच्या बेटामागे आणखी दोन दिसली.

तो परत आला. कोऱ्या बांबूच्या चाळीस पांढऱ्या काड्या चिरल्या आणि राजापुढे मांडल्या.

"या कुणाच्या?"

"आपल्याच, महाराज. मी मोजायच्या विसरलो होतो."

"मोहोर उठली आहे. बदललीस तर तुझं काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग शत्रूचं काय करू? पेज पाठवू त्याला?"

"मला पाठवा. मी त्यांना सांगतो, की तुम्ही पाण्याखाली निजला आहात."

शत्रूच्या दारी जाऊन बोलून मन वळवणाऱ्याला तिकडे श्वे-ख म्हणत. तो मान फार हलका. राजा म्हणाला, "वीस वर्षं मोउ-शी राहून शेवटी श्वे-ख?"

"हो, महाराज. बांधावर कुदळी घेतलेली माणसं उभी करा. माझ्यावर विश्वास बसला नाही, तर त्यांच्यावर बसेल."

राजाने एक पांढरी काडी उचलून बघितली. "दिवस मावळेपर्यंत," तो म्हणाला. "नाही उठले तर बांध फोडीन. तू खाली असलास तरी."

त्याचं बोलणं ऐकून शत्रूचा सेनापती आधी हसला. मग त्याने मान वर केली. बांधावर माणसांची रांग उभी होती.

"तू इथे आहेस तोवर ते फोडणार नाहीत," तो म्हणाला.

"फोडतील. मी आता कुणाच्याच काडीत नाही."

"मग आम्हाला का सांगतोस?"

"तुम्हाला बुडवायचं, तर हे गावही बुडतं."

सेनापतीने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. दिवस मावळायच्या आत तंबू उतरले आणि शत्रू आल्या वाटेने परत गेला. गावात दुसऱ्या दिवशी कापणी सुरू झाली.

पुढे त्या राज्यात मसलतीला बसताना आधी पांढऱ्या काड्या मांडू लागले. एखाद्याच्या मुलखाची मसलत देण्याआधी तिथे कोण राहतं ते आपल्या डोळ्यांनी बघून यावं, एवढंच मला या गोष्टीतून कळलं.

नियम मात्र नियमच होता. शत्रू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी राजाने ज्युन-शीचा मान दुसऱ्याला दिला आणि याचं मोउ-शी हे नावही काढून घेतलं. राजाला वाईट वाटत होतं. हा माफी मागेल, मागितली तर देऊ, असं त्याच्या मनात होतं. याने काड्यांची पेटी राजापुढे ठेवली, वाकून नमस्कार केला आणि माफी न मागता निघून गेला.