उणे पाच लिटर

दूधसंस्थेचे चेअरमन हिंदुराव शाळेत गरजले, "मंजिरीबाई, बीजगणित काय कामाचं? वसतिगृहाला माझ्याकडून रोज वीस लिटर दूध येतं, गाई-म्हशीचं मिसळून. गाईची फॅट चार, म्हशीची आठ. कुठलं किती, सांगा! नाहीतर मुलींचा संध्याकाळचा वर्ग बंद."

बाईंनी त्या दुधाची फॅट तपासली. दोन्हींपेक्षा कमी, तीनच लागली. मुलींनी फळ्यावर दोन समीकरणं सोडवली आणि वर्गात हशा पिकला.

"गाईचं पंचवीस लिटर," बाई म्हणाल्या, "आणि म्हशीचं उणे पाच."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे तुमची म्हैस पाच लिटर परत पिते, साहेब. नसेल पीत, तर समीकरणात तुमची विहीर घ्यावी लागेल."

हिंदुराव खाकरले. "वर्ग चालू द्या. पण विहिरीचं गणित नको."