गाठ विरघळवणारं औषध

"सकाळी सहाला दादानं चहा घेतला, असं खोटं सांगितलं असतं, तर दिलं असतं ना तुम्ही ते इंजेक्शन?"

एस्तेर सिस्टरनी सलाईनची बाटली बदलली. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. घाईनं उत्तर देणाऱ्यांतली नव्हे.

"दिलं असतं," त्या म्हणाल्या.

उत्तमच्या दादाला जाऊन बारा दिवस झाले होते; आज तो हेच विचारायला वॉर्डात आला होता. त्या सकाळी दादाचं तोंड वाकडं झालेलं त्यानंच पाहिलं, रिक्षात घालून त्यानंच आणलं. सिस्टरनी विचारलं होतं, धडधाकट शेवटचा कधी पाहिलास? तो खरं बोलला. रात्री नऊला, जेवताना. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत हे औषध द्यायचं असतं; ते केव्हाच उलटले होते. पाच पावलांवरच्या फ्रीजमध्ये ते तसंच राहिलं.

"म्हणजे मीच मारलं त्याला. खरं बोलून."



इतक्यात शेजारच्या खाटेवरच्या भिकाजी तात्यांनी कूस बदलली आणि हातातली सुई निसटली. मनगटावरून रक्ताचा ओघळ निघाला.

"हातमोजे घाल. हे दाबून धर." सिस्टरनी कापूस पुढे केला.

उत्तमनं कापूस दाबला.

"अरे, हात आहे माझा! उसाचं कांडं नव्हे," तात्या कण्हले.

त्यानं कापूस उचलून पाहिलं. रक्त. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. पुन्हा रक्त.

"एवढंसं भोक... थांबत का नाही?"

"तासाभरापूर्वी तेच औषध दिलंय त्यांना. हृदयातल्या रक्ताच्या गाठीसाठी. पण गाठ कुठली आणि भरत आलेली जखम कुठली, हे त्याला कळत नाही. सापडेल ते सोडवत सुटतं."

"आणि डोक्यातल्या गाठीला, वेळ उलटून गेल्यावर दिलं तर?"

"तोवर तिथल्या नसा कच्च्या झालेल्या असतात."

कापसावरचा लाल डाग पसरत होता. उत्तम बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"डोक्यात असं वाहिलं असतं, तर... दाबायचं कुठे, सिस्टर?"



त्याचे डोळे वाहू लागले. हात गुंतलेले, पुसणार कशानं? अंगठा सैल झाला, कापूस पुन्हा उचलला गेला. सिस्टरनी त्याच्या अंगठ्यावर आपला हात ठेवला.

"सारखं उघडून बघू नकोस."

"किती वेळ?"

"ह्याला?... ह्याला दहा मिनिटं."