चाळीस हजार पावलांचे युवराज

"युवराज आज चाळीस हजार पावलं चालले!" भालदाराने ललकारी दिली. दरबारात टाळ्या पडल्या. राजा कीर्तिपालची छाती फुगली. अडचण एवढीच, की युवराज जयपाल त्या वेळी पलंगावर आडवे पडून अनारसे खात होते.

गेल्या दसऱ्याला युवराज आणि सरदार-कारभाऱ्यांची पंधरा मुलं, सगळी चौदा-पंधरा वर्षांची, हिंगणगडावरच्या देवीला पायी निघाली होती. पायऱ्या तीनशे बारा. एकेचाळिसाव्या पायरीवर सगळे बसले. "देवीलाच खाली बोलवा," युवराज म्हणाले.

म्हणून यंदा दसऱ्याच्या दीड महिना आधी राजाने घड्याळजीकडून सोळा पाऊलकडी घडवून घेतली. कडं मनगटात घालायचं. ते हललं की आतला दाता सरकतो आणि एक पाऊल मोजलं जातं. महिनाभरात आकडे फुगले, पोरांचे अंगरखेही दोनदा उसवून मोठे करावे लागले. कापड आटलं असावं, असं प्रधानजींचं मत पडलं.

दसऱ्याला पंधरा दिवस उरले, तेव्हा राजाने पोरांना गड चढायला लावलं. सगळे अडतिसाव्या पायरीवर बसले. प्रगती झाली होती, फक्त उलट्या दिशेने.

"तुळाजी!" राजा तालमीच्या वस्तादावर कडाडला. "कडं खोटं बोलत नाही. तूच पोरांना दमवलंस! दसऱ्याला ही पायी वर आली नाहीत, तर राज्याबाहेर चालता हो!"

वस्तादाची मुलगी बयना दमलेल्या पोरांना ताक वाढत होती. वाड्यातलं ताक तीच घुसळायची.

"खरंय महाराज, कडं खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "चाळीस हजार वेळा हललंय ते. बाकीच्यांच्या कड्यांसकट माझ्या रवीच्या दोरीला बांधलं होतं ना!"

"आणि तू बांधू दिलंस?"

"युवराज म्हणाले, सरकारी काम आहे. सरकारी कामात प्रश्न विचारायची पद्धत आपल्याकडे कुठंय?"

राजा लाल झाला. "फार जीभ चालते! मग तूच चढव यांना. मारायचं नाही, रागवायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. आणि कडी वापरायचीच! सात राज्यांना पत्रं लिहून मी त्यांचं कौतुक कळवलंय. जमलं नाही, तर बापाबरोबर तूही चालती हो!"

बयना पोरांकडे वळली. "तुमची लबाडी फार कच्ची."

"कच्ची?" युवराज उखडले. "महिनाभर कोणाला कळली नाही!"

"मग होऊन जाऊ दे. रोज आपापलं कडं गडावर लपवायचं आणि दुसऱ्यांची हुडकून पळवायची. दिवस मावळताना ज्याच्याकडे जास्त कडी, तो किल्लेदार. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्याला मुजरा करायचा."

"मीसुद्धा?"

"युवराजांना हरायची भीती वाटत असेल, तर त्यांनी खाली बसून ताक प्यावं."

पहिल्या दिवशी सगळी कडी तिसाव्या पायरीच्या आतच लपली आणि घटकाभरात सापडली. युवराजांना घोडेपागेच्या कारभाऱ्याच्या ढेरपोट्या पोराला वाकून मुजरा करावा लागला! दुसऱ्या दिवशी युवराज धापा टाकत शंभराव्या पायरीवर पोचले. मग दुसरा दीडशेवर गेला, तिसरा दोनशेवर. आठवड्यात देवळामागची एकही कपार रिकामी राहिली नाही.

दसरा उजाडला. राजा पालखीतून वर पोचला, तर सोळाही पोरं आधीच तिथे! घामाने निथळत ती एकमेकांवर ओरडत होती, "चोर! माझं कडं दे!"

राजाने सगळी कडी मागवली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "युवराजांची चाळीस हजारांवरून तीनशे वीस? सोळा जणांची मिळून जेमतेम पाच हजार पावलं? बयना, ही फसवणूक आहे!"

"महाराज, कडं एकदा वर येतं आणि दिवसभर कपारीत बसून राहतं. धावतात ती पोरं. महिनाभर कडी धावत होती आणि पोरं बसली होती. कोणाला दमवायचं, ते तुम्हीच ठरवा!"

राजा पोट धरून हसला. त्याने तुळाजीला तहहयात तालीम दिली आणि दंडातलं सोन्याचं कडं काढून बयनापुढे धरलं. "घे!"

"असं हातात नको, महाराज. गडावर लपवा, मी शोधते. पण लपवायला पालखीतून जायचं नाही!"

राजा आणखीच हसला आणि पालखीतून खाली उतरला. भोयांनी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून जयजयकार केला.