मोराचं कुलूप

"आपल्यातच चोर बसलाय!"

मिरजेच्या कुलूपसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष राजोपाध्ये गरजले आणि सगळे सभासद एकमेकांकडे बघू लागले. रविवारच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलेलं लोणकरकाकांचं पितळी मोराचं कुलूप नाहीसं झालं होतं.

"नाव घेत नाही, पण किल्ल्या करणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना सभासद केलं की हेच व्हायचं," अध्यक्ष पुढे म्हणाले.

किल्लीवाले युनूसभाई मान खाली घालून जायला उठले. त्यांना मंडळात आणलं होतं कॉलेजात शिकणाऱ्या कस्तुरीने. तिचा संताप संताप झाला, पण आवाज तिने चढू दिला नाही.

"बसा हो, युनूसभाई. एवढं गेलंय काय? अकरा वर्षं खटपट करून काकांनाही ते उघडता आलं नाही. ते कुलूपच नव्हे, नुसतं शोभेचं पितळ."

"शोभेचं?" अध्यक्ष उसळले. "अगं, मोराची मान डावीकडे दाबून पिसारा वर सरकवला, की खटकन उघडतं!"

सगळे अध्यक्षांकडे वळले.

"मान काचेबाहेरून दाबलीत का, सर?" कस्तुरीने विचारलं.

अध्यक्षांनी पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "उघडलं की परत करणार होतो," ते पुटपुटले, "पण उघडल्यावर पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटायला लागलं." मग युनूसभाईंपुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

आता लोणकरकाका काय बोलतात, याकडे सगळ्यांचे कान लागले. काका खुर्ची ओढत अध्यक्षांच्या शेजारी येऊन बसले.

"चोरीचं नंतर बघू," ते म्हणाले. "मान किती जोरात दाबायची, ते आधी दाखवा."