मेणातला मणी

एकदा एक पारखी होते, आणि गंमत अशी की त्यांच्या दुकानात विकायला गुंजभरही सोने नव्हते. एक बैठक, एक नाजूक तराजू, नमुन्याच्या सोन्याच्या काही बारीक सळ्या आणि हाताच्या पंजाएवढा काळाभोर कसोटीचा दगड, एवढाच त्यांचा पसारा. लोक आपापले सोने घेऊन येत. पारखी त्याची कड दगडावर ओढत, उमटलेली पिवळी रेघ सळईच्या रेघेशेजारी ठेवून पाहत आणि एका वाक्यात निर्णय सांगून मोकळे होत. त्यांच्या शब्दावर लग्ने ठरत, भावाभावांच्या वाटण्या होत आणि काही भांडणेही मिटत. सगळी पेठ त्यांना आबा म्हणत असे.

आबांच्या हाताखाली नागेश नावाचा तरुण शिकत होता. शिकत होता म्हणण्यापेक्षा शिकून बसला होता, असे निदान त्याचे स्वतःचे मत होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. नजर तीक्ष्ण होती, हात स्थिर होता, रेघ वाचण्यात त्याची चूक होत नसे. पण त्या व्यवसायाची एक रीत होती. दसऱ्याच्या पूजेनंतर गुरूने कसोटीचा दगड शिष्याच्या हाती दिला की तो पारखी झाला. तोपर्यंत तो कितीही हुशार असो, त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणी व्यवहार करत नसे. गेले कित्येक दसरे आबांनी दगडाला हळदकुंकू वाहिले होते, आपट्याची पाने ठेवली होती आणि दगड पुन्हा आपल्याच पुढ्यात ओढून घेतला होता. नागेशच्या लग्नाची बोलणीही त्या दगडापाशी येऊन अडली होती. मुलीचे वडील म्हणत, "आधी दगड मिळू दे, मग पुढचं बोलू." त्यामुळे नागेशचा सारा जीव त्या काळ्या दगडात अडकून पडला होता.

याच पेठेत गुळाचा एक मोठा व्यापारी होता. आयुष्यभर गूळ विकून तो एका गोष्टीला कंटाळला होता. पावसाळा आला की गूळ पाघळतो, उन्हाळ्यात त्याला मुंग्या लागतात आणि भाव पडला की तो दोन्ही ऋतूंत रडवतो. म्हणून उतारवयात त्याने आपल्या वखारीचा निम्मा भाग विकला आणि एका जुन्या घराण्याकडून सोन्याच्या जुन्या मोहरांची एक थैली विकत घेतली. थैली छातीशी धरून तो आबांच्या दुकानात आला.

"आबा, बघून सांगा. आता म्हातारपणाची काळजी मिटली. सोनं पाघळत नाही आणि त्याला मुंग्याही लागत नाहीत."

आबांनी प्रत्येक मोहर एकेकदा दगडाला लावली. सगळे सोने चोख निघाले. त्यातली एक मोहर मात्र त्यांनी बराच वेळ उजेडात धरून पाहिली.

"शेठ, बाकीच्या मोहरांची किंमत सोन्याची आहे. हिची किंमत अक्षराची आहे. कडेला हे साल दिसतंय ना? या टाकसाळीच्या मोहरांवर ते सहसा पुरतं उमटत नाही, कापलं जातं. इथे ते पूर्ण आहे. हौशी माणूस भेटला तर तो हिच्या वजनाकडे बघणारसुद्धा नाही. मऊ कापडात गुंडाळून ठेवा."

मग त्यांनी थैलीतल्या सगळ्या मोहरा एकत्र तोलल्या, तेवढ्याच वजनाचा शिशाचा एक तुकडा कापून व्यापाऱ्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "कधी शंका आली तर घरच्या घरी याच्याशी तोलून बघा. पुन्हा इकडे आणायचं कारण नाही."

इतका सोपा सल्ला माणसाला सहसा पटत नाही. व्यापाऱ्याला वाटले, आबा आता थकले, त्यांना कामाचा कंटाळा आला. त्याने शिशाचा तुकडा फडताळात टाकला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी थैली घेऊन पुन्हा हजर झाला. शेजारच्या गावी कोणाला तरी तांब्यावर सोन्याचा पत्रा चढवलेल्या मोहरा मिळाल्या होत्या म्हणे! आबा म्हणाले, "बसा शेठ, पाणी घ्या," आणि स्वतः उठून परसात निघून गेले. मग थैली नागेशने उघडली.

त्या दिवसापासून तसा रिवाजच पडला. दर बाजाराला व्यापारी येई. कधी भाव चढला म्हणून, कधी उतरला म्हणून, कधी घरात नवा गडी कामाला लागला म्हणून. रात्रीतून कोणी मोहरा बदलल्या तर, ही शंका त्याच्या मनातून जात नसे. नागेश एकेक मोहर दगडावर ओढी. व्यापारी त्याच्या खांद्यावरून वाकून बघे.

"रेघ अशी पुसट नको रे. ठसठशीत ओढ. आणि हे बघ, दर वेळी नव्या जागी घासू नकोस, नाणं खराब दिसेल. एकदा धरलीस तीच जागा धर."

नागेशला ही सूचना मोठी शहाणपणाची वाटली. प्रत्येक मोहरेची एकच जागा त्याने ठरवून टाकली आणि तीच दर वेळी दगडाला लावू लागला. काम संपले की व्यापारी म्हणे, "हात काय बसलाय तुझा! आबांच्या वरताण." हे ऐकून नागेशच्या अंगावर मूठभर मांस चढे. व्यापारी गेल्यावर आबा परसातून येत आणि सुपारी कातरता कातरता विचारत, "काय म्हणालं सोनं?"

"गेल्या बाजाराला म्हणालं होतं तेच."

"बरं," एवढेच म्हणून आबा पुन्हा सुपारीकडे वळत. नागेशला वाटे, म्हातारा चेष्टा करतो आहे.

एक गोष्ट मात्र त्याला खटकत असे. कसोटीवर रेघ ओढली की सोन्याचे काही कण दगडाला चिकटून राहतात. पारखी त्यावर मेणाचा गोळा दाबतो, कण मेणात उतरतात. वर्षाअखेर ते मेण जाळले की थोडे सोने हाती लागते आणि ते पारख्याच्या हक्काचे असते. आबांचा असा एक गोळा बैठकीशेजारी होताच. पण गुळाच्या व्यापाऱ्यासाठी त्यांनी एका करवंटीत दुसरा गोळा ठेवला होता आणि ताकीद दिली होती, "शेठच्या मोहरांना हेच मेण. त्यांची रेघ ओढायच्या आधी दगड पुसून घ्यायचा आणि नंतर याच गोळ्यानं टिपायचा." का, ते सांगितले नव्हते. नागेशच्या मनात पाल चुकचुकली. जुन्या मोहरांचे सोने चोख, म्हणून म्हातारा ते आपल्यासाठी वेगळे काढतो आहे, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. आपले गुरू लोभी आहेत या विचाराने त्याला वाईट वाटे. तरी विचारायचे धाडस काही होत नसे.

अशी काही वर्षे गेली. एके दिवशी जुनी नाणी जमवणारे एक परगावचे गृहस्थ पेठेत आले. त्या विशिष्ट टाकसाळीची, पूर्ण साल असलेली मोहर ते अर्धे आयुष्य शोधत होते. ते आबांच्या दुकानात बसल्याची बातमी कानावर येताच व्यापारी वाऱ्यासारखा घरी गेला आणि थैली घेऊन तिथे आला. गृहस्थांनी ती मोहर मऊ कापडावर ठेवली, भिंगातून पाहिली, फिरवली, पुन्हा पाहिली. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"सोनं उत्तम आहे. पण साल कुठे आहे?"

साल जिथे असायचे तिथे एक गुळगुळीत, चकचकीत उतार होता. नागेशने ठरवून घेतलेली जागा नेमकी तीच होती.

"आता हिला नुसत्या सोन्याचा भाव, आणि नुसतं सोनं मला नको," गृहस्थ म्हणाले. त्यांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले.

व्यापाऱ्याचे डोके भणाणले. तो तडक घरी गेला, फडताळ धुंडाळले आणि इतक्या वर्षांत प्रथमच तो शिशाचा तुकडा बाहेर काढला. पुन्हा दुकानात येऊन त्याने एका पारड्यात थैलीतल्या मोहरा ओतल्या, दुसऱ्यात शिसे ठेवले. मोहरांचे पारडे वर गेले.

"चोर!" तो नागेशवर ओरडला. "माझ्या डोळ्यांदेखत माझं सोनं खरवडलंस! आत्ता चावडीवर जातो. बघतो तुला या पेठेत कोण उभं करतं ते!"

बाहेर माणसे गोळा झाली. नागेशच्या तोंडचे पाणी पळाले. दगड मिळणे तर दूरच राहिले. ज्या धंद्यात माणसाचे नाव हीच सगळी पुंजी, तिथे त्याच्या नावावर चोरीचा डाग बसत होता. रेघा त्यानेच ओढल्या होत्या, हे तो नाकारणार तरी कसा? त्याने आबांकडे पाहिले. आबा नेहमीसारखे उठून आत निघाले होते. त्या क्षणी नागेशला जगात आपले कोणी नाही असे वाटले.

आबा परत आले ते शेगडी घेऊन. दुसऱ्या हातात ती करवंटी होती. त्यांनी मेणाचा काळपट गोळा मातीच्या मुशीत टाकला आणि निखारे फुंकले. मेण वितळले, पेटले, दुकानभर धूर झाला. लोक डोळे चोळत उभे राहिले. म्हाताऱ्याला या वेळी हे काय सुचले, ते कोणालाच कळेना. मेण जळून गेल्यावर आबांनी सोन्याचे कण एकत्र यावेत म्हणून मुशीत चिमूटभर टाकणखार टाकला, आच वाढवली आणि थोड्या वेळाने मूस पालथी केली. मिऱ्याएवढा एक पिवळाधमक मणी बाहेर पडला.

तो निवल्यावर त्यांनी तो मोहरांच्या पारड्यात ठेवला. तराजूचा काटा थरथरला, हळूहळू मध्याकडे आला आणि केसभर अंतरावर थांबला.

"जो केसभर फरक उरला, तो दगडाच्या भेगांत गेला," आबा म्हणाले. "तेवढा मला माफ करा. शेठ, चोरी झालेली नाही. तुमचं सोनं तुम्हीच कणाकणानं इथे आणून ठेवलंत, मी ते सांभाळलं. मणी घेऊन जा. अक्षर मात्र मला परत करता येत नाही, ते मेणाला चिकटत नाही. पहिल्या दिवशी दगडाला तुम्ही सोन्याबद्दल विचारलंत आणि तुम्हाला उत्तर मिळालं. त्यानंतर दर बाजाराला तुम्ही स्वतःच्या भीतीबद्दल विचारत होतात आणि परीक्षा मात्र सोन्याची घेत होतात. सोनं बिचारं दर वेळी खरं बोललं आणि दर वेळी थोडं झिजलं. गुळाच्या मुंग्या बाहेरून येतात, शेठ. या मुंग्या तुम्ही घरून घेऊन येत होतात."

व्यापारी खाली बसला. बाहेरची माणसे पांगली. बऱ्याच वेळाने त्याने मणी उपरण्याच्या टोकाला बांधला, नागेशकडे न बघताच "चुकलो रे" एवढे पुटपुटला आणि थैली घेऊन गेला.

नागेशने धीर करून विचारले, "आबा, मी दर वेळी बरोबरच सांगितलं ना?"

"बरोबर सांगितलंस. रेघ वाचायला तू माझ्याहून चांगला आहेस. पण मला सांग, ती मोहर तुला नुसती बघून ओळखू येत नव्हती?"

"येत होती. अंधारात हाताला लागली असती तरी ओळखली असती."

"मग दगडाला का लावलीस?"

"शेठ म्हणाले म्हणून." नागेश मान खाली घालून म्हणाला, "आणि हात छान बसलाय असं ते म्हणायचे, ते ऐकायला बरं वाटायचं. आबा, तुम्ही मला थांबवलं का नाहीत?"

"शेठना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला दर आठवड्याला विचारत होतो. दगड लपवून ठेवला असता तर शेठ दुसऱ्या पेठेत गेले असते, आणि तिथे त्यांचं मेण कोणी वेगळं ठेवलं नसतं."

नागेशला त्या करवंटीबद्दलचा आपला संशय आठवला. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने आबांच्या पायांना हात लावला, पण का ते सांगितले नाही. आबांनीही विचारले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पायरीवर ओळखीची पावले वाजली. गुळाचा व्यापारी आला होता. या वेळी थैली नव्हती. त्याने उपरण्याची गाठ सोडली आणि तो मणी पुढे धरला.

"नागेश, रागावू नकोस. मोहरा आता घरीच ठेवल्यात. पण हा मणी तेवढा एकदा दगडाला लावून बघ. मेणातून निघालाय, आत काही भेसळ राहिली असली तर?"

आबा सवयीने परसाकडे जायला उठले आणि दारातच थबकले. नागेशने मणी हातात घेतला. क्षणभर त्याने तो उजेडात धरला. मग दगड कापडात गुंडाळून बाजूला ठेवला आणि मणी व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटे हलकेच मिटवली.

"शेठ, हा त्या दगडावरूनच तर परत आलाय. आता याला पुन्हा तिथे पाठवू नका. घरी न्या."

व्यापाऱ्याने मिटल्या मुठीकडे पाहिले. मग त्याला हसू आले, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो निघून गेला, आणि त्यानंतर बाजाराच्या दिवशी तो फक्त गप्पा मारायला येऊ लागला.

दसऱ्याला अजून अवकाश होता. तरीही मणी घेऊन शेठ गेले त्याच दिवशी आबा बैठकीवर येऊन बसले, कापडात गुंडाळलेला दगड त्यांनी उचलला आणि कसलीही पूजा न करता नागेशच्या पुढ्यात ठेवला. त्या दिवशी त्या दगडावर एकही रेघ ओढली गेली नव्हती.

सकाळचा चहा निवेपर्यंत सोन्याचा भाव मोबाइलवर चार वेळा बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी आपल्याही मोहरेची कड एकदा बोटाने चाचपून पाहावी. साल अजून शाबूत असेल, तर तिला आता थोडे स्वस्थ बसू द्यावे.