भुरभुऱ्याच्या झग्याची चिंधी

एका राज्यात, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, राजा प्रसन्नवर्मा राज्य करीत असे. राज्याचा तट मऊ, पण कुठे फट म्हणून नाही. वेशीत चिकट पाण्याचा खंदक. नुसती धूळ आली तरी तिथेच अडकायची.

वेशीशेजारच्या ओसरीवर चंपूबाई बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "कोण रे तू? कोणाकडचा?" एकदा पाहिलेला चेहरा जन्मभर विसरायची नाही. पण तिच्या या चौकशीची राजाला पाहुण्यांसमोर लाज वाटे. तो म्हणाला, "हिला आत बसवा." बिचारी आत गेली. आता सांगा, हे काय शहाणपण झाले?

एके दिवशी तटाला ओरखडा पडला. त्यातून तांबड्या झग्यातला मांत्रिक भुरभुऱ्या आत शिरला. तो ज्याला शिवे, तो दुसरा भुरभुऱ्या होई. एकाचे दोन, दोनाचे चार. तो राजकन्या कुवलयेच्या बोटांना शिवला. बोटे भुरकट झाली. भुरकेपण खांद्यापर्यंत चढले, की तीही भुरभुऱ्याच होणार होती.

राजवाड्याच्या खिडकीत बसलेली साळुंकी म्हणाली, "राजा, जिला आत बसवलेस तिला विचार."

राजा तिच्याकडे धावला आणि खिडकीतून बोट दाखवून म्हणाला, "चंपूबाई, हा कोण?"

"भुरभुऱ्या! माझ्या लहानपणी आला होता मेला. तेव्हा झगा निळा होता."

"मग सांगितले का नाही?"

"मला विचारतंय कोण? आता तीन कामे कर. स्वतः."

पहिले काम, झग्याची चिंधी आणणे. तटाशी ढेरपोटे शिपाई होते. शत्रू दिसला की अख्खा गिळत आणि त्याच्या कपड्याची चिंधी भाल्याला लावत. भुरभुरे चपळ, एखादाच त्यांच्या हाती लागला होता. राजाने त्याची चिंधी आणली. चंपूबाईने ती उलटसुलट पाहिली. "वीण तीच. रंग बदलला, खोड नाही बदलली."

दुसरे काम लोहाराकडे. चंपूबाईने पेटीतून मागच्या वेळचा जुना साचा काढला. लोहाराने त्यातून हजारो लोखंडी आकडे ओतले. ते त्याच विणीत अडकत, दुसऱ्या कशातही नाही.

कुवलयेचे कोपर भुरके झाले.

तिसरे काम, राज्यातल्या साऱ्या भट्ट्या पेटवणे. राजा घामाने निथळला. "चंपूबाई, उकडतंय! विझवू का?"

"लेकीचा हात बघ आणि मग विचार."

राजाने आणखी लाकडे घातली. उकाड्याने भुरभुरे मंदावले. आकडे त्यांच्या झग्यांना लटकले. एकेक जखडला, की ढेरपोट्यांनी गिळला. शेवटचा गेला आणि कुवलयेची बोटे गुलाबी झाली.

भट्ट्या विझल्या. चंपूबाई पुन्हा ओसरीवर बसली. तेवढ्यात काजळीने माखलेला एक माणूस वेशीतून आला.

"कोण रे तू? कोणाकडचा?"

"तुमच्याच घरचा, चंपूबाई," राजा हात जोडून म्हणाला.

"मग ये आत. हातपाय धू आधी."

हे राज्य आपल्या कातडीच्या आत आहे; ताप चढतो तो तिथल्याच भट्ट्यांचा. गुडघा खरचटला आणि न चिघळता चार दिवसांत बरा झाला, की समजावे, ओसरीवर चौकशी चालू आहे.