भिंगरी सुकेपर्यंत

"पण किती दिवस, उस्ताद? तेवढं तरी सांगा!"

कासम उस्ताद होडीच्या खाली उकिडवे बसले होते आणि मान वर करून तिचा तळ बघत होते.

आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून चिकटवला होता आणि ते घरी गेले होते. आता सकाळी त्या तुकड्याच्या आतून बारीक बारीक घाम सुटला होता.

"बघ," उस्ताद म्हणाले.

"दव असेल."

"दव बाहेरून पडतं, हरेश्वर. हे आतून आलंय."

हरेश्वरलाही ते ठाऊक होतं. न ठाऊक असायला तो काही नवखा नव्हता. फायबरचं काम तो याच उस्तादांच्या हाताखाली शिकला, मग आखातात जाऊन मोठमोठ्या यॉटींवर हात फिरवून आला. परत आल्यावर मान जरा ताठ झाली होती, एवढंच. उस्तादांना घरी बोलावलं तेही सल्ल्यासाठी नव्हे. शाबासकीसाठी!

होडीचं नाव भिंगरी. दोन माणसं पुढे, दोन मागे, अशी छोटी, वेगाची, जुन्या घाटाची फायबरची होडी. मुंबईचे एक साहेब सुट्टीला यायचे तेव्हा हरेश्वरचे वडील, अण्णा, ती चालवायचे. साहेब थकले, यायचे बंद झाले, आणि शेवटच्या खेपेला होडी अण्णांनाच देऊन गेले. आमच्या खाडीत तेव्हा तिच्यापुढे कोणी जायचं नाही.

अण्णांची एक गंमत होती. एका हाताने स्टेअरिंग आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची काळी टोपी, असे ते होडी हाकायचे. काठावरची पोरं ओरडायची, "अण्णा, टोपी काढून ठेवा की!" अण्णा म्हणायचे, "मग वेग कळायचा कसा?"

पुढे अण्णांचं वय झालं, हरेश्वर परदेशी गेला, आणि भिंगरी फणसाखाली पडून राहिली. कितीतरी पावसाळे तिच्यात पाणी साचलं. फायबर लाकडासारखं कुजत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला पाण्याचं काहीच नाही. पण तेही पाणी पितं, आणि एकदा प्यालं की सोडायला फार वेळ घेतं.

"शिमग्यापर्यंत सुकू दे," उस्ताद उठत म्हणाले. "ऊन दे. वारा दे. मग रंग."

हरेश्वरने मान खाली घातली.

"माझ्या बापाकडे शिमगा नाही, उस्ताद."

...

अंगण आणि पडवी यांच्यामध्ये एक निळी ताडपत्री बांधलेली होती. पलीकडे खाटेवर अण्णा पडून होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या, म्हणाले, जे आवडतं ते द्या. अण्णांना दुसरं काय आवडणार? त्याच दिवशी हरेश्वरने होडी फणसाखालून ओढून अंगणात आणली आणि लाकडी घोड्यांवर चढवली. तेव्हापासून घासतोच आहे. इतकं सुंदर काम आमच्या बाजूला कोणी पाहिलं नसेल. तळ असा गुळगुळीत की हात ठेवला तर घसरावा.

"सुकेल ती रंगाच्या आत," हरेश्वर म्हणाला.

"सुकेल?"

"न सुकली तर न सुकली! मला एकच फेरी हवी आहे. अण्णांना पुढच्या सीटवर बसवायचं, खाडीच्या तोंडापर्यंत न्यायचं, आणायचं. नंतर ती फुगू दे, फुटू दे. मला नको आहे ती."

असं म्हणून त्याने रंगाच्या डब्यात हार्डनर ओतलं आणि ब्रशने ढवळायला लागला. हार्डनर एकदा पडलं की डबा तुमची वाट बघत नाही. पाव तासात दगड.

उस्तादांनी त्याचा हात धरला नाही. बाजूच्या स्टुलावर बसले, टोपलीतला एक चिकू उचलला आणि सोलायला लागले.

"रंगव," म्हणाले. "रंग बसेल. चमकेल पण छान. अण्णांना बसवशील. खाडीत गेलास की हात थांबणार नाही तुझा, वेग घेशील. वेगात त्या ओल्या तळाचा पापुद्रा सुटला तर पाणी कुठून आत येईल, ते तुला मी सांगायला नको... अण्णांना आता पोहता येतं का?"

ब्रश थांबला.

"दुष्टासारखं बोलू नका, उस्ताद."

"मी कुठे बोलतोय? चिकू खातोय."

हरेश्वर मटकन खाली बसला. ब्रश डब्यातच राहिला. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. फायबर घासताना काचेची भुकटी कातडीत शिरते, खोबरेल चोळलं तरी रात्र रात्र खाज जात नाही. मोठा माणूस, आखात पालथं घालून आलेला, हातांच्या ओंजळीत तोंड घालून रडायला लागला.

"मी तिकडे लोकांच्या होड्या चमकवत होतो," तो म्हणाला. "आणि ही इथे फणसाखाली... अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. फोनवर विचारायचे, जेवलास का. बस्स! मला ती पहिल्यासारखी करून द्यायची आहे त्यांना. एकदाच."

उस्तादांनी चिकूची अर्धी फोड त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

"अण्णा काय म्हणतात?"

"कशाबद्दल?"

"भिंगरीबद्दल."

"त्यांना कुठे माहीत आहे? दाखवलेली नाही अजून. ग्राइंडरचा आवाज आला की विचारतात, काय चाललंय रे? मी म्हणतो, कळेल. पूर्ण झाली की मगच ताडपत्री काढणार."

उस्तादांनी ती फोड स्वतःच्याच तोंडात टाकली.

"वा रे वा!" ते म्हणाले. "होडी बापाची, आवाज बापाच्या कानाशी, भुकटी बापाच्या नाकात, आणि पडदा पण बापालाच!"

"अशी दाखवू? रंग नाही, सीट नाही, इंजिन गोणपाटाखाली पडलंय. अंगभर ठिगळं दिसताहेत. काय बघतील ते?"

उस्ताद उठले. चिकूची साल टोपलीत टाकली, हात लुंगीला पुसले आणि ताडपत्रीकडे गेले. हरेश्वरची गाठ पक्की होती. त्यांना ती सोडवायला वेळ लागला. मध्येच हरेश्वर "उस्ताद, नको ना..." म्हणाला, पण जागचा उठला नाही.

ताडपत्री खाली पडली.

अण्णा खाटेवर कुशीला वळून याच बाजूला बघत होते. जणू रोज इकडेच बघत असावेत.

"भिंगरी," ते म्हणाले. त्यांना मुळीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बसायचं का, अण्णा?" उस्तादांनी विचारलं.

"टोपी द्या माझी."

टोपी खुंटीला होती. उस्तादांनी ती झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली. मग अण्णांना खुर्चीत बसवलं, एका बाजूने उस्ताद आणि एका बाजूने हरेश्वर, असं खुर्चीसकट अंगणात आणलं. हरेश्वरने बाप कधी उचललेला नव्हता. इतकं हलकं होतं ते ओझं!

होडीत सीट नव्हतीच. पुढे दोन फळ्या टाकल्या, एकीवर गोधडीची घडी घातली आणि अण्णांना उचलून तिच्यावर टेकवलं. अण्णांनी होडीच्या काठावरून हात फिरवायला सुरुवात केली. जिथे जिथे नवं ठिगळ होतं तिथे बोटं थांबत होती.

हरेश्वरची नजर त्या बोटांवर.

"अण्णा, अजून रंग व्हायचाय. हे सगळं झाकलं जाईल. तेव्हा बघा तुम्ही, कसं..."

"हात बघू तुझे," अण्णा म्हणाले.

त्याने हात मागे घेतले. अण्णांनी ते ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले.

"खाज येते?"

"नाही."

"खोटं बोलतोस. रात्री उठून तेल चोळतोस, मला ऐकू येतं." आणि त्या पुरळावर त्यांनी हळूच फुंकर घातली. लहान पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात, तशी. "जेवलास का रे?"

हरेश्वरने नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

इकडे डब्यातला रंग केव्हाच थिजला होता. ब्रश त्यात काठीसारखा उभा राहिला होता. कोणाचं लक्ष नव्हतं.

उस्ताद मागच्या बाजूने होडीत चढले, कुरकुरत, गुडघ्यावर हात ठेवत. मागे एका फळीवर बसले.

"हरेश्वर, स्टेअरिंगवर बस."

"उस्ताद, स्टेअरिंगला काही जोडलेलंच नाही. इंजिन तिकडे कोपऱ्यात..."

"बस म्हटलं ना!"

तो अण्णांच्या शेजारच्या फळीवर बसला. स्टेअरिंग हातात घेतलं. ते रिकामंच फिरलं. समोर फणस, फणसाखाली होडी इतकी वर्षं पडून राहिल्याने पिवळं पडलेलं गवत, पलीकडे कुंपण. वाऱ्याचा लवलेश नव्हता. फणसाचं एक पान हलत नव्हतं.

तिघेही समोर बघत बसले.

...

थोड्या वेळाने अण्णांनी पाय जरा पुढे रोवले. पाठ सरळ केली. त्यांचे डोळे बारीक झाले. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि डोक्यावरची टोपी त्यांनी घट्ट दाबून धरली.

हरेश्वरने ते पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण स्टेअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत.

मागून उस्ताद पुढे वाकले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"जरा हळू घे रे. अण्णांची टोपी उडेल."